घोरपडे : एक आडनांव व अनेक घराणीं

मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें गोळा करणारांच्या मार्गांत जे चकवे आहेत, त्यांत आडनांवाचा चकवा सर्वांत साधा व म्हणूनच सर्वांत फसवा आहे. तारखेंत चूक असली तर जंत्री ती दाखविते. अक्षर लागलें नाहीं तर वाचणारा थांबतो. परंतु कागदावर ओळखीचें आडनांव दिसलें कीं थांबण्याचें कारणच उरत नाहीं. तो कागद एखाद्या नामांकित घराण्याच्या पदरीं बांधला जातो, आणि पुढील सूची, टिपा व वंशावळी त्यालाच धरून चालतात. हा दोष किती दूरवर पोंचतो हें एकाच आडनांवाच्या उदाहरणानें दाखवावें असा आमचा हेतु आहे. त्यासाठीं आम्ही घोरपडे हें आडनांव निवडलें आहे.

या आडनांवाच्या घराण्यांसंबंधीं दोन ग्रंथ अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. पहिला कै. वासुदेवशास्त्री खरे यांचा इचलकरंजी संस्थानचा इतिहास (१९१३), व दुसरा कै. दत्तात्रेय विष्णु आपटे यांचा मुधोळच्या घोरपडे घराण्याचा इतिहास (१९३४). दोघेहि लेखक मूळ कागद हाताळणारे होते, व त्यांच्या परिश्रमाविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. आमची टीका या ग्रंथांवर जितकी आहे, त्याहून अधिक ते सुटेसुटे वाचणारांवर आहे. हे दोन ग्रंथ शेजारीं ठेवून वाचले असतां जो बोध होतो, तो त्यांपैकीं एकट्या कोणत्याहि ग्रंथांत मिळत नाहीं.

मुधोळकरांची परंपरा अशी कीं, महमूद गावानाच्या कोंकणच्या स्वारींत खेळणा, म्हणजे पुढें विशाळगड म्हणून प्रसिद्ध झालेला किल्ला, घेण्याच्या कामीं कर्णसिंह खर्ची पडला; गडाच्या कड्यावर घोरपडीच्या साह्यानें दोर चढविला म्हणून त्याचा पुत्र भीमसिंह यास बहामनी सुलतानाकडून इ. स. १४७१ च्या फर्मानानें 'राजे घोरपडे बहादूर' हा किताब मिळाला. आणि याच कुळाची दुसरी शाखा भोसले हें नांव चालवीत वेरुळाकडे राहिली. म्हणजे एकाच फर्मानानें मुधोळचे घोरपडे व वेरुळचे भोसले यांचा भाऊपणा सिद्ध होतो, व शिवछत्रपतींच्या कुळाचा धागा थेट बहामनी काळापर्यंत जाऊन भिडतो. फर्मान खरें ठरलें तर लाभ मोठा आहे, हें कोणीहि कबूल करील. परंतु लाभ जितका मोठा, तितकी परीक्षा कडक पाहिजे.

मुधोळच्या फर्मानांच्या खरेपणाविषयीं पंडितांत वाद झालेला आहे. तो सर्व येथें उकरून काढण्याचें प्रयोजन नाहीं. आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, या वादांत आडनांवाला साक्षीदार म्हणून उभें करतां येत नाहीं. गावानानें खेळणा घेतला ही गोष्ट फार्सी तवारिखांवरून स्वतंत्रपणें सिद्ध आहे. पण त्यावरून वेढा सिद्ध होतो, घोरपड सिद्ध होत नाहीं. 'घराण्याचें नांव घोरपडे आहे, म्हणून फर्मानांतील हकीकत खरी. आणि फर्मानांत हकीकत आहे, म्हणून घराण्याचें नांव घोरपडे', असा युक्तिवाद या विषयावर वारंवार केला जातो. हें गाड्याचें चाक झालें. तें कितीहि फिरलें तरी त्यानें वाट सरत नाहीं. शिवाय कड्यावर चढणारी घोरपड ही कथा एका गडाची नाहीं. इ. स. १६७० च्या सिंहगडच्या प्रसंगाला तीच पोवाड्यानें जोडली आहे. जी कथा एका गडावरून दुसऱ्या गडावर इतक्या सहज जाते, ती कोणत्याहि एका कुळाच्या नांवाचा उगम ठरविण्यास अपुरी आहे. वाघ, लांडगे, कोल्हे, मुंगसे हीं आडनांवें आमच्यांत आहेतच. त्यांच्यासाठीं कोणी गड चढल्याचें सांगावें लागत नाहीं.

आतां इचलकरंजीकडे वळूं. त्या घराण्याचा मूळपुरुष नारो महादेव हा सावंतवाडीकडील म्हापण गांवचा कोंकणस्थ ब्राह्मण, मूळ आडनांव जोशी. तो सेनापति संताजी घोरपडे याच्या आश्रयास आला, त्याच्याच पदरीं वाढला, आणि धन्याविषयींच्या कृतज्ञतेनें त्यानें धन्याचें आडनांव धारण केलें. त्याचा पुत्र व्यंकटराव यास बाळाजी विश्वनाथाची कन्या अनुबाई दिली होती. म्हणजे पेशव्यांचा हा जांवई घोरपडे, परंतु संताजीशीं त्याचा रक्ताचा संबंध शून्य. जात वेगळी, गोत्र वेगळें, गांव वेगळें. सारखें तेवढें आडनांव. ही हकीकत कोणी लपविली नव्हती. खरेशास्त्र्यांच्या ग्रंथांत ती स्पष्ट आहे. इतक्या उघड उदाहरणानंतरहि 'घोरपडे' या चार अक्षरांवरून वंश ठरविणें हें धाडसच म्हटलें पाहिजे.

हा प्रकार एकट्या घोरपड्यांचा आहे असें नाहीं. पारदच्या लोखंडे पाटलाचा मुलगा शाहू महाराजांनीं इ. स. १७०७ च्या सुमारास आपला मानला, तो फत्तेसिंह भोसले झाला, व त्याच्यापासून अक्कलकोटचें भोसले घराणें चाललें. वाईचे रास्ते मूळचे गोखले. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार. निंबळक गांवावरून त्यांस निंबाळकर म्हणूं लागले. आडनांव हें कृपेनें मिळे, कृतज्ञतेनें घेतलें जाई, आणि गांवावरून पडे. रक्तानें येणें हा त्याच्या अनेक मार्गांपैकीं फक्त एक मार्ग होय.

ज्यांचें रक्त एक असल्याची परंपरा आहे त्यांच्यांतहि आडनांवानें काय सिद्ध होतें तें पाहूं. इ. स. १६४८ त जिंजीजवळ शहाजीराजांस कैद करण्याच्या कामीं मुधोळचा बाजी घोरपडे पुढें होता, व १६६४ त शिवाजीमहाराजांनीं त्याचा सूड घेतला. उलट १६८९ त संगमेश्वरीं संभाजीमहाराजांच्या रक्षणार्थ लढतांना जो म्हाळोजी पडला, तोहि घोरपडेच; आणि त्याचा पुत्र संताजी यानें पुढें औरंगजेबाच्या फौजेस सळो कीं पळो करून सोडलें. केवळ 'घोरपडे' असा उल्लेख असलेलें, सालाचा तुकडा गेलेलें एखादें पत्र हातीं आलें, तर त्यांतला घोरपडे भोसल्यांचा वैरी कीं भोसल्यांसाठीं प्राण देणारा, हें त्या आडनांवावरून सांगतां येणार नाहीं. चुकीच्या शाखेस तें पत्र लावलें तर एका निरपराध घराण्यावर फितुरीचा डाग बसतो, किंवा दुसऱ्यास न केलेल्या पराक्रमाचें श्रेय मिळतें.

अठराव्या शतकांत तर हा गोंधळ कर्नाटकांत अधिकच दाटतो. संताजीचा वंश कापशीस, त्याचा भाऊ बहिर्जी याच्या वंशांतले गुत्तीस व संडूरास. गजेंद्रगडास घोरपडे, मुधोळास घोरपडे, आणि त्याच मुलखांत पेशव्यांच्या बाजूनें वावरणारे इचलकरंजीकरहि घोरपडे. १७४१ त त्रिचनापल्ली हातीं आल्यावर तेथें बसविलेला व १७७६ त हैदराच्या कैदेंत सांपडलेला मुरारराव एवढा प्रसिद्ध कीं, कर्नाटकच्या बातमीपत्रांत 'घोरपडे यांचें पथक' असे शब्द आले कीं संपादक डोळे मिटून मुरारराव असें समजतो. किताबांवर भिस्त ठेवावी तर तीहि पुरत नाहीं. ममलकतमदार हा संताजीचा व हिंदुराव हा बहिर्जीचा किताब म्हणून सांगतात. परंतु किताबहि वंशपरंपरेनें चालत, आणि हिंदुराव म्हटला कीं घोरपडेच असें मानावें तर कागलकर घाटग्यांपैकीं सर्जेरावाचा पुत्र, बायजाबाई शिंदे यांचा बंधु, हाहि हिंदुराव याच नांवानें प्रसिद्ध होता.

स्थलनामांची गोष्ट याहून निराळी नाहीं. पुण्यांतील घोरपडे पेठ ही पेशवाईच्या उत्तरकाळांत मालोजीराजे घोरपडे यांच्या नांवावर वसली. येथें माणसावरून जागेला नांव पडलें. पण पुण्याच्याच पूर्वेस घोरपडी नांवाचें गांव आहे. तें या सरदारांचें मूळ ठाणें असावें, किंवा सरदारांनीं तें वसविलें असावें, असे तर्क ऐकूं येतात. घोरपड या प्राण्यावरून गांवास नांव पडण्यास सरदाराची मुळींच गरज नाहीं, हें तर्क करणारांच्या ध्यानांत येत नाहीं. पेठेचा पुरावा पेठेपुरता. तो गांवास लागूं करणें म्हणजे एकाचें खत दुसऱ्याच्या शेतावर दाखविण्यासारखें आहे.

या दोषाचें मूळ दोन संवयींत आहे. पहिली संवय संपादकांची. जुन्या पत्रांत आडनांव पुष्कळदां नसतेंच. 'व्यंकटराव नारायण', 'बाजीराव बल्लाळ' असें नांव व बापाचें नांव एवढेंच असतें. संपादक सोयीसाठीं मथळ्यावर कंसांत आडनांव घालतो. सूची करणारा कंस गाळतो. वंशावळ करणारा सूचीवरून लिहितो, आणि एका माणसाचा तर्क तीन पायऱ्यांनीं पुरावा होऊन बसतो. दुसरी संवय संग्राहकांची, व ती अधिक घातक आहे. जुना रुमाल सोडून त्यांतील कागद आडनांववार लावणें यास 'व्यवस्था' असें म्हणतात. वस्तुतः कागद कोणत्या रुमालांत, कोणत्या कागदांच्या शेजारीं व कोणाच्या घरीं मिळाला, हाच पुष्कळदां त्याच्या धन्याचा एकमेव पुरावा असतो. असे आडनांववार लावलेले गठ्ठे आम्हीं पाहिले आहेत. त्यांत कापशीचा कागद कोणता व इचलकरंजीचा कोणता हें सांगणें अशक्य झालेलें असतें. संपादकाची चूक पुढील संपादक दुरुस्त करूं शकतो. मोडलेला रुमाल कोणासहि पुन्हां बांधतां येत नाहीं.

यास्तव आमची सूचना अशी आहे. कागदाचा धनी ठरवितांना प्रथम मिळाल्याचें ठिकाण व रुमाल नोंदवावा; नंतर गांव, वतन व बापाचें नांव पाहावें; नंतर शिक्कामोर्तब, मायना व लेखकाचें अक्षर; घराण्याचा प्रश्न असेल तर गोत्र, देवक व सोयरीक; आणि सर्वांच्या शेवटीं आडनांव. तें निरुपयोगी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. वतन व गांव यांच्या जोडीला तें आलें तर उत्तम पुष्टि देतें; एकटें आलें तर तें केवळ चौकशीचें निमित्त होय.

मुधोळ, गजेंद्रगड व संडूर आज कर्नाटकांत आहेत, गुत्ती आंध्रांत, कापशी व इचलकरंजी महाराष्ट्रांत. ज्या संस्थानांचे व जहागिरींचे हे कागद, तीं १९४८ व १९४९ या वर्षांच्या आसपास विलीन झालीं, आणि ज्यांस घराण्याची हकीकत तोंडपाठ होती तीं माणसेंहि राहिलीं नाहींत. कागदास आतां स्वतःचीच साक्ष द्यावी लागणार आहे. ती साक्ष देण्याचें सामर्थ्य त्याच्या गांवांत, शिक्क्यांत व शेजारांत आहे. ज्यांच्या घरीं असे रुमाल अद्याप बांधलेले असतील त्यांस आमची एवढीच विनंति आहे कीं, ते सोडण्यापूर्वीं आंतील कागदांचा क्रम लिहून ठेवावा, व घराण्याचें नांव वरच्या चिठीवर घालण्याची घाई करूं नये.