काही आणू नका हं!

मराठी समीक्षकांनी कविता पाहिली, कथा पाहिली, नाटक तर इंटरव्हलपर्यंत पाहून त्यावर दोन-दोन कॉलम लिहिले. पण आहेर नावाच्या प्रकाराकडे आजपर्यंत एकाही जाणत्या समीक्षकाने वळून पाहिलेले नाही. वास्तविक ह्याचा प्रसार कादंबरीपेक्षा कितीतरी मोठा. कादंबरी नसलेली घरे मी हवी तेवढी दाखवतो. माळ्यावर आहेराचे समग्र वाङ्मय नसलेले एक घर तुम्ही दाखवा.

आता तुम्ही म्हणाल, हा बी. कॉम. झालेला बँकेतला कारकून, ह्याला समीक्षेचा काय अधिकार? पण देणे आणि घेणे हा विषय मुळात आमच्याच खात्याचा आहे. शिवाय मी असतो सुप्याला. पुणे-नगर रस्त्यावरचे, पारनेर तालुक्यातले आमचे गाव. २०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण एस. टी. त चढणारा माणूस अजून ‘एक नगर’ असेच तिकीट मागतो. एका बाजूला एम. आय. डी. सी., डोंगरावर पवनचक्क्या, आणि मधल्या जागेत लग्ने. लग्नसराईत आमच्या काउंटरवर पैसे भरणारे कमी आणि ‘दहाच्या कोऱ्या नोटांचं एक बंडल द्या की’ म्हणणारे जास्त. तेव्हा अभ्यासाला सामग्रीची वाण नाही.

प्रथम पाकीट. शंभर देणारा माणूस साधा, एकशे एक देणारा शास्त्रशुद्ध. तो वरचा रुपया फार मानाचा. शंभराच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते, पण एक रुपयाची नोट काढते भारत सरकार आणि तिच्यावर सही खुद्द अर्थसचिवांची. १९९४ साली ह्या नोटेची छपाई थांबली तेव्हा पाकिटावर नाणे चिकटवायची पद्धत होतीच. २०१५ साली ती नोट पुन्हा निघाली. म्हणजे एकशे एकाच्या पाकिटात शंभराला गव्हर्नर जामीन आणि वरच्या एकाला दिल्लीचे सरकार! एवढा बंदोबस्त असूनही आत किती आहेत हे उजेडात धरून पाहणारे काका प्रत्येक मांडवात असतातच.

पाकिटानंतर टॉवेल-टोपी. हा आमच्या भागातला अभिजात प्रकार. व्याही, मामा, सरपंच, सोसायटीचे चेअरमन, सर्वांना एकच संहिता. ह्या टॉवेलने अंग पुसल्याचे मी ऐकलेले नाही. तो फक्त फिरतो. एका लग्नात मिळतो, दुसऱ्यात दिला जातो, आणि तालुक्याची प्रदक्षिणा करून बऱ्याचदा मूळ मालकाच्या खांद्यावर विसावतो. बँकेच्या भाषेत हा बेअरर चेक. ज्याच्या हाती, त्याचा. पण वटवत कुणीच नाही. टोपीचे दुःख वेगळे. आमच्याकडचा माणूस स्वतःची टोपी घेताना दुकानदाराला अर्धा तास उभा करतो. तिची कडक घडी, कपाळावरची रेषा, कानापासूनचे अंतर ह्यात तडजोड नाही. त्या डोक्यावर गठ्ठ्यातली टोपी चढवणे म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने पेपर वाचायला लावणे. फोटोपुरती ती राहते आणि मांडवाबाहेर पडताच खिशात जाते.

ह्याउलट नाव घातलेले स्टीलचे भांडे. ‘चि. सौ. कां. हिस सप्रेम भेट, मामा-मामी’ असे कोरले की ते पुढे सरकवता येत नाही. हा क्रॉस केलेला, अकाउंट पेयी चेक! म्हणूनच शहाणे मामा हल्ली नाव घालत नाहीत. ते भाचीचा विचार करतात.

स्वस्त आहेरात माझ्या मते सर्वात निर्दोष लेखन आढळते ते संक्रांतीच्या वाणात. चाळणी, साबणाची डबी, चहाची गाळणी. तीस बायकांना तीस सारख्या वस्तू. त्यामुळे ‘तिला काय दिलं आणि मला काय दिलं’ हा मराठी समाजाचा मूलभूत प्रश्नच निकालात निघतो. किंमत सर्वांना ठाऊक, म्हणून ती कुणी विचारत नाही. अपेक्षा शून्य असल्यामुळे अपेक्षाभंगही नाही. आमच्या घरात आजमितीला सात गाळण्या आहेत आणि सौ. प्रत्येक गाळणी कुणाची ते सांगू शकते. हे भाग्य किती पुस्तकांना लाभते?

सर्वात अवघड प्रकार अर्थात धोंड्याच्या महिन्यातला. अधिक मास साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो, २०२३ साली अधिक श्रावण, २०२६ साली अधिक ज्येष्ठ, आणि तेवढ्या काळात जावई जास्तच अवघड झालेला असतो. परंपरेने त्याच्यावर तोड काढली आहे: तेहतीस अनारसे. वस्तू जाळीदार हवी, आकडा तेहतीस हवा, की प्रश्न मिटला. निवडीची जबाबदारी सासऱ्यावर नाही, पंचांगावर. माझ्या ओळखीच्या एका जावयाला साखरेचा विकार आहे. त्याने ते तेहतीस अनारसे डोळ्यांनी खाल्ले आणि डबा शेजाऱ्यांकडे पाठवला. परंपरेने जावई ह्या पदाचा विचार केला आहे. त्या पदावर बसलेल्या इसमाचा नव्हे. बहुतेक आहेरांतली मुख्य उणीव हीच.

आता ज्यांना काय द्यावे कळत नाही अशा माणसांकडे वळू. ह्यांचे घोषवाक्य एकच: ‘काही आणू नका हं!’ ह्या वाक्याचे निदान तीन अर्थ होतात. नवी पेठेतल्या काकांनी म्हटले तर खरोखरच आणू नका, आणलेत तर ठेवायला जागा नाही. आत्याने म्हटले तर आणा, पण ‘कशाला आणलंस?’ म्हणायची तिला संधी द्या. आणि साहेबांनी बदलीच्या वेळी म्हटले तर वर्गणीचा कागद आधीच टेबलावरून फिरून गेला आहे असे समजा. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापलेले असले, तरी मांडवात वही-पेन घेऊन कुणी बसले आहे का हे बघितल्याशिवाय मी मत देत नाही.

अर्थशास्त्राला हा सारा व्यवहार मान्य नाही. जोएल वाल्डफोगेल नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली नाताळच्या भेटींवर एक निबंध लिहिला. विद्यार्थ्यांना विचारून त्याने हिशेब मांडला की, मिळालेली वस्तू घेणाऱ्याला तिच्या किमतीच्या एक-दशांशापासून एक-तृतीयांशापर्यंत कमी मोलाची वाटते. म्हणजे शंभराची भेट द्या, दहा ते तेहतीस रुपये हवेत! (तेहतीस हा आकडा त्यालाही चुकला नाही.) आपल्या सरकारचा दृष्टिकोन निराळा. १९५८ साली भेट-कराचा कायदा झाला, तो १ ऑक्टोबर १९९८ पासूनच्या भेटींना लागू राहिला नाही. पण पुढे प्राप्तिकराने ते काम अंगावर घेतले. नातलग नसलेल्यांकडून वर्षभरात पन्नास हजारांवर रोख भेटी मिळाल्या तर ते उत्पन्न. लग्नातला आहेर माफ, वाढदिवसाचा नाही. आणि कायद्याच्या व्याख्येत चुलतभाऊ नातलग नाहीत! बांधावरून भांडणाऱ्या कित्येक भावांना हे कळले तर केवढे समाधान होईल.

सर्व काही असलेल्या माणसाला स्वस्तात काय द्यावे, ह्याचे उत्तर मात्र आपल्याकडे फार पूर्वीच देऊन झाले आहे. अख्खी द्वारका ज्याच्या मालकीची, त्याला सुदाम्याने फडक्यात बांधून पोहे नेले. त्यालाच सोन्याने तोलायला निघाले तेव्हा पारडे हलेना, आणि एका तुळशीच्या पानाने काम झाले. स्वस्त भेट अंगावर कशी येते ह्याचा दाखलाही आहे. सभासदाच्या बखरीत आहे की, शिवाजी महाराज शिमग्याचे पोस्त मागण्याच्या निमित्ताने सावत्र मामा संभाजी मोहित्यांकडे गेले आणि सुपे महालच घेऊन आले. ते सुपे बारामतीकडचे, आमचे नव्हे. तरी भाचा पोस्त मागायला आला की आमच्याकडचे मामा अजून जपून असतात.

सुदाम्याच्या पोह्यांची किंमत नगण्य होती, पण ते सांदीपनींच्या आश्रमापासून ओळखीच्या माणसाने आणले होते. वाल्डफोगेलच्या हिशेबात हा रकाना नाही. तो माझ्या नजरेस आणला आमच्या एका खातेदार म्हाताऱ्याने. दर महिन्याला पैसे काढायला यायचे. एकदा रांगेत उभे राहून त्यांनी माझे शिंकणे ऐकले. बोलले काहीच नाहीत. पुढच्या सोमवारी काउंटरवर कागदाची पुडी ठेवली. ‘सायेब, आवाज बसलाय तुमचा. हुलगे हायेत घरचे. माडगं करायला सांगा.’ वीस रुपयांचाही माल नसेल. पण शाखेत नऊ माणसे, घरात चार, आणि माझा आवाज बसल्याची नोंद घेतली रांगेतल्या पंधराव्या माणसाने!

तेव्हापासून माझे समीक्षेचे निकष बदलले. संपणारी वस्तू टिकणाऱ्या वस्तूपेक्षा बरी. तिला माळा लागत नाही. नव्या वस्तूपेक्षा दुरुस्त केलेली जुनी बरी: आत्याच्या अडकित्त्याला धार, काकांच्या बंद रेडिओला नवा सेल. आणि वस्तूपेक्षा खेप बरी. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी एखाद्या पेन्शनर मामांना स्कूटरवर बँकेत आणून परत सोडा. तो आहेर कुठल्याही भिंतीवरच्या घड्याळापेक्षा जास्त काळ चालतो.

फेड करायची म्हणून मी म्हाताऱ्यांना विचारले, ‘बाबा, तुम्हाला काय आणू?’ अपेक्षित उत्तर आले: ‘मला काय करायचंय? काय आणू नका.’ मग बघत राहिलो. पासबुक भरून घेतले की ते दाराशी थांबत आणि येणाऱ्या पोराला शेवटचा आकडा वाचायला सांगत. तिसरीपर्यंत शिकलेले; मराठी आकडे येतात, पासबुकातले बारीक इंग्रजी येत नाहीत. स्वतःची शिल्लक दर महिन्याला परक्याच्या तोंडून, चारचौघांत ऐकायची! आता मी चिठ्ठीवर पेनाने ठळक मराठी आकड्यांत शिल्लक लिहून पासबुकात ठेवतो. खर्च शून्य.

ती चिठ्ठी ते दोनदा वाचतात, ओठ हलवत, आवाज न काढता. मग डोक्यावरची टोपी काढून तिच्या घडीत जपून सरकवतात. टोपी अर्थातच आहेरातली नव्हे. स्वतः घेतलेली.