अतिरिक्तता आणि विस्तार : दोन तांत्रिक लेखांचे परीक्षण

काव्यशास्त्राने पुनरुक्तीला दोष मानले. भाषाविज्ञानाने तिच्यात भाषेचा आधार पाहिला. 'माझी मोठी मुलगी आली' ह्या वाक्यात स्त्रीलिंग चारही पदांत दिसते, आणि गोंगाटात एखादे पद ऐकू आले नाही तरी श्रोत्याचे अडत नाही. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली ह्या अतिरिक्ततेला गणिती रूप दिले. १९८८ साली बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात तीच कल्पना संगणकाच्या डिस्कांना लावलेली आढळते. 'रेड' हे नाव त्या निबंधाने रूढ केले. त्यातील 'स्वस्त' हे विशेषण पुढे व्यापाराला अडचणीचे वाटू लागले आणि त्याच आद्याक्षराचा 'स्वतंत्र' हा शब्द त्याच्या जागी आला, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.

निबंधाची मांडणी नेमकी आहे. एका डिस्कचे सरासरी आयुष्य ३०,००० तास धरले, तर तशा शंभर डिस्कांच्या संचात ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, एखादी डिस्क निकामी होणार. म्हणून अतिरिक्त माहिती साठविणे भाग आहे. एवढ्या साध्या भागाकारावर उभा असलेला युक्तिवाद आजही वाचनीय वाटतो.

विस्ताराचा विषय मात्र तेथे ओझरता येतो. मोठ्या डिस्कने साठा वाढवावयाचा तर ७,५०० मेगाबाइटांची उडी घ्यावी लागते. लहान डिस्कांचा संच १,००० मेगाबाइटांच्या गटाने, किंवा अपुरे गट चालत असतील तर १०० मेगाबाइटांच्या एकेका डिस्कनेही वाढू शकतो, असा त्याचा आशय. सारी अडचण त्या 'चालत असतील तर' मध्ये दडली आहे, आणि निबंध ती उलगडत नाही.

चार डिस्कांचा पाचव्या पातळीचा संच घ्यावा. त्याच्या प्रत्येक पट्ट्यात माहितीचे तीन खंड आणि हरवलेला खंड गणिताने परत मिळवून देणारा पॅरिटीचा एक खंड असतो. पाचवी डिस्क जोडली की पट्ट्यात माहितीचे चार खंड बसावयास हवेत. म्हणजे दुसऱ्या पट्ट्यातील पहिला खंड पहिल्या पट्ट्यात यावयाचा, आणि पुढील जवळजवळ प्रत्येक खंड आपली जागा सोडणार. पहिला नवा पट्टा लिहिला जातो तो जुन्या पहिल्या पट्ट्यावरच. त्याच क्षणी वीज गेली, तर जुनी मांडणी मोडलेली आणि नवी अपुरी अशी अवस्था होते. दुसऱ्या व तिसऱ्या पट्ट्यांतही हाच धोका आहे. चौथ्यापासून मात्र जे पुसले जाते त्याची प्रत आधीच्या नव्या पट्ट्यांत तयार असते, आणि काम निर्धास्तपणे पुढे सरकते. एक डिस्क गमावली तर पॅरिटी उपयोगी पडते. कोणता खंड कोठे आहे ह्याचे ज्ञान गमावले तर ती निरुपयोगी ठरते. निबंधातील संभाव्यतेचे गणित पहिल्या हानीचे आहे, दुसरीचे नव्हे.

दुसरी हानी ज्याने ओळखली तो लेख वाङ्मयदृष्ट्या अगदी रुक्ष आहे : लिनक्समधील 'एमडीएडीएम' ह्या साधनाची मार्गदर्शिका. २००६ सालच्या लिनक्स २.६.१७ पासून पाचव्या पातळीच्या संचात डिस्क वाढविण्याची, आणि मध्येच खंडित झालेले काम पुन्हा चालू करण्याची सोय झाली. आरंभीच्या त्या मोजक्या पट्ट्यांना मार्गदर्शिका 'क्रिटिकल सेक्शन' म्हणते आणि त्यांची प्रत बाजूला ठेवण्याची व्यवस्था सांगते. (डिस्कांवर जागा असल्यास आरंभस्थान सरकवून हा प्रसंगच टाळण्याची सोय पुढील आवृत्त्यांत आली.) एड्सगर डायक्स्ट्रा यांच्या १९६५ सालच्या लेखनात ही संज्ञा कार्यक्रमाच्या एका भागाला उद्देशून आहे, येथे ती माहितीच्या एका भागाला लागली. अर्थाचे हे स्थलांतर क्षम्य आहे.

क्षम्य नाही ते दोन शब्दांचे नामकरण. त्या प्रतीला 'बॅकअप फाइल' म्हटले आहे. शब्द ऐकणारा समजतो की सर्व साठ्याची नक्कल झाली. वस्तुतः तीत काही पट्टेच असतात. ही फाइल त्याच संचावर ठेवू नये, आणि काम खंडित झाल्यास तीच फाइल पुन्हा द्यावी, हे मार्गदर्शिका सांगते खरे. पण चुकीचे नाव एकदा मनात बसले की त्यानंतरची सूचना उशिराच पोहोचते. दुसरा शब्द 'ग्रो', म्हणजे वाढणे, हा त्याहून सदोष आहे. डिस्कांची संख्या, पातळी, खंडाचा आकार हे सर्व बदल त्याच एका आज्ञेखाली येतात. संच लहान करावयाचा असला तरी आज्ञा 'वाढ' हीच! रोप वाढते तेव्हा जुनी पाने उपटून पुन्हा लावावी लागत नाहीत. येथे नेमके तेच घडते, आणि क्रियापद ते झाकून टाकते. त्याच लेखातील 'रीशेप', म्हणजे पुनर्रचना, हा शब्द प्रामाणिक होता. आज्ञेचा मान त्यालाच मिळावयास हवा होता.

ओपनझेडएफएस ह्या प्रणालीत असा विस्तार २०२५ च्या जानेवारीतील २.३ आवृत्तीने आला. तेथे जुनी माहिती जुन्याच पॅरिटी-प्रमाणात राहते, आणि मध्येच एखादी डिस्क निकामी झाल्यास ती दुरुस्त होईतो काम थांबून राहते. सावधपणा आहे, परंतु 'विस्तार' झाल्यावरही जागा अपेक्षेहून कमी का दिसते, हा प्रश्न त्या शब्दाने नव्याने निर्माण केला.

ज्यांच्या बोलीचे निवेदक आता हयात नाहीत अशी ध्वनिमुद्रणे एखाद्या विभागाच्या संचावर असली, तर ह्या शब्दार्थाला केवळ कोशाचे महत्त्व उरत नाही. पुनर्रचनेत प्रत्येक खंड वाचला जातो. वर्षानुवर्षे न वाचलेला, खराब झालेला भाग त्याच वेळी उघडकीस येतो. म्हणून आज्ञा देण्यापूर्वी सर्व संच एकदा वाचून तपासणे, आणि संपूर्ण साठ्याची वेगळी प्रत अन्यत्र करून ती उघडून पाहणे, ही दोन कामे आधीची होत. 'वाढ' ह्या शब्दात त्यांपैकी एकाचीही सूचना नाही.