रोग गेला, नाव राहिले

देवी, गोवर, कांजिण्या या रोगांविषयी बोलताना आपली भाषा मोठी उदार होते. 'त्याला लहानपणी देवी येऊन गेल्या' असे आपण म्हणतो. रोग पाहुण्यासारखा आला आणि निघून गेला. घरधनी घरातच राहिला. तोंडावर वण राहिले, तरी त्या माणसास कोणी जन्मभर रोगी म्हटले नाही. महारोगाच्या बाबतीत हीच भाषा एकाएकी कृपण होते. 'त्याला महारोग येऊन गेला' हे वाक्य मराठी कानास खटकते. महारोग एकदा झाला की सुतार सुतार राहत नाही, शास्त्री शास्त्री राहत नाही. दोघेही केवळ महारोगी होतात. ही कृपणता आपल्या साहित्यातही उतरली आहे काय, हे तपासून पाहण्याचा आमचा हेतू आहे.

प्रथम वस्तुस्थिती. या रोगाचा जंतू हॅन्सनने 1873 साली शोधला. बहुतेक माणसांच्या अंगी त्याचा प्रतिकार करण्याची शक्ती जन्मजातच असते. अनेक औषधे एकत्र देण्याची जी पद्धती जागतिक आरोग्य संघटनेने 1981 साली पुरस्कारिली, तिने रोगी सहा महिने वा वर्षभरात बरा होतो; संसर्गाची भीती तर उपचार सुरू झाल्यावर लवकरच संपते. तथापि, वेळीच उपचार न झाल्यामुळे ज्या नसा कायमच्या निकामी झाल्या, त्या जंतू मेल्याने जिवंत होत नाहीत. वाकलेली बोटे वाकलेलीच राहतात आणि लोक त्या बोटांसच रोग समजतात. वण देवीचे राहतात तसे याचेही राहतात. फरक वणांत नसून ते वाचणाऱ्यांच्या दृष्टीत आहे.

या क्षेत्रात महाराष्ट्रास अभिमान वाटावा असे पुष्कळ घडले आहे. मनोहरजी दिवाणांनी 1936 साली वर्ध्याजवळ दत्तपूर उभारले, डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीस तपोवन वसविले, आणि 1951 साली बाबा आमट्यांचे आनंदवन सुरू झाले. या कार्याच्या आधाराने ललित व आत्मपर लेखनही झाले. बाबांचे 'ज्वाला आणि फुले' 1964 साली आले. पुढे साधनाताईंची 'समिधा' आली. ही पुस्तके नसती, तर मध्यमवर्गीय मराठी वाचकाने या रोगाकडे पाठच फिरविली असती. हे ऋण मान्य करूनच पुढील आक्षेप आम्ही नोंदवितो.

या परंपरेत निवेदक जवळजवळ नेहमीच सेवक असतो. त्याची घृणा, त्याने घृणेवर मिळविलेला विजय, त्याच्या सहधर्मचारिणीचा त्याग, हा कथेचा कणा होतो. रोगी त्या कथेत प्रसंग म्हणून येतो. वाचकाचे डोळे पाणावतात, परंतु ते सेवकाच्या थोरवीने. बरा झालेला माणूस गावी परतला, त्याने जमिनीतला वाटा मागितला, मुलीचे लग्न ठरवू पाहिले, आणि तेथे काय झाले, या ठिकाणी ही कथा बहुधा पोहोचत नाही. जेथे सेवा संपते आणि हक्क सुरू होतो, नेमकी तेथेच आपली लेखणी थबकते.

परचुरेशास्त्र्यांचेच उदाहरण घ्या. हे संस्कृतचे व्यासंगी पंडित. सेवाग्रामात गांधीजी स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळीत. तो प्रसंग मराठी वाचकांस ठाऊक आहे, त्याचे छायाचित्रही अनेकांनी पाहिले आहे. परंतु त्या छायाचित्रात आपण कोणाकडे पाहतो? गांधीजींच्या हातांकडे. ज्याच्या देहावर ते हात फिरत आहेत, त्या विद्वानाच्या विद्येविषयी चार वाक्ये सांगता येणारे वाचक किती निघतील? करुणेने रोग्यास जवळ घेतले हे खरे. पण माणूस म्हणून त्याचे चरित्र लिहिण्याचे काम तिने अपुरे ठेवले.

येथे आनंदवनाचे कार्य त्याच्यावरील साहित्याच्या पुढे गेले, असे आमचे मत आहे. तेथे माणसास भिक्षा न देता काम दिले गेले; तो शेतकरी, विणकर, सुतार झाला. म्हणजे त्याला त्याच्या धंद्याचे नाव परत मिळाले. संस्थेचे नाव मात्र 'महारोगी सेवा समिती' असेच राहिले. 1949 साली तो शब्द रूढ होता, म्हणून त्यात दोष काढणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या संस्थेने माणसांची ही ओळख पुसली, तिच्याच नावात ती टिकून राहावी, यावरून शब्द किती चिवट असतात हे ध्यानात येते.

आणि शब्दांचा चिवटपणा आपल्या वाचकांइतका कोण जाणतो? आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य या दिल्लीत मसुदे व टिपणे लिहिण्यात गेले आहे. 1955 च्या हिंदू विवाह अधिनियमात उग्र व असाध्य कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून नमूद झाले. रोग साध्य झाला. 'असाध्य' हे विशेषण मात्र 2019 पर्यंत हलले नाही. त्या वर्षी पाच वैयक्तिक कायद्यांतून हे कारण वगळण्यात आले. रोग्यांस डांबून ठेवण्याची मुभा देणारा 1898 चा कायदा 2016 साली रद्द झाला. दरम्यान 2008 साली, कुष्ठरोग्यास नगरपालिकेच्या सदस्यत्वास अपात्र ठरविणारी ओरिसातील तरतूद सर्वोच्च न्यायालयाने वैध मानली. अशी तरतूद ठेवावी काय याचा विचार विधिमंडळाने करावा, एवढेच सुचविले. मसुद्यातले एक विशेषण माणसाच्या संसारावर व मतपेटीवर किती काळ बसून राहू शकते, ते यावरून दिसते.

यमुनेपलीकडे, शाहदऱ्याच्या पुढे ताहिरपूर येथे कुष्ठपीडितांच्या वसाहती आहेत. मेट्रोने दिलशाद गार्डनला उतरले की त्या फार दूर नाहीत. तेथे वाढलेल्या, ज्यांना हा रोग कधी झालाच नाही, त्या मुलांनाही आपला पत्ता सांगताना विचार करावा लागतो. रोग वारशाने जात नाही, नाव जाते. दरवर्षी 30 जानेवारीस, गांधीजींच्या पुण्यतिथीस, या रोगाविषयी देशभर कार्यक्रम होतात. राजघाटावर फुलेही वाहिली जातात. राजघाटाहून ताहिरपूर काही परदेश नव्हे.

अलीकडे 'कुष्ठमुक्त' हा शब्द रूढ होत आहे. तो सद्‌हेतूने घडविला आहे, परंतु त्यातही कुष्ठ आधी आणि माणूस नंतर. देवीतून उठलेल्यास आपण 'देवीमुक्त' म्हणत नाही. त्याला त्याच्या नावाने हाक मारतो. मराठी साहित्याकडून आमची मागणी तेवढीच आहे. नव्या संतचरित्राची आम्हांस तितकीशी निकड वाटत नाही. ज्यात कथानायकास हा रोग तिसऱ्या प्रकरणात येऊन जातो, आणि उरलेल्या प्रकरणांत तो जमिनीसाठी भांडतो, प्रेम करतो, चुकतो, म्हातारा होतो, अशी कादंबरी आम्हांस हवी आहे. ती लिहिली जाईल, तेव्हा 'येऊन गेला' हे क्रियापद या रोगासही लागू लागेल.