निक होआकिन : जळत्या नगरीतील पितृभक्ती

मनिलातील पाको येथे १९१७ साली जन्मलेले निक होआकिन हे फिलिपाइन्समधील इंग्रजी साहित्याचे अग्रणी. वडील वकील, स्पेनविरुद्धच्या क्रांतीत ते कर्नल होते. अशा पित्याच्या पुत्राने लिहिले ते अमेरिकनांबरोबर आलेल्या इंग्रजीत, आणि आयुष्यभर हळहळ व्यक्त केली ती स्पॅनिश मनिलाविषयी! त्यांचे सारे साहित्य ह्या विसंगतीतूनच उगवले, असे मला वाटते.

शाळा त्यांनी अर्धवट सोडली होती. १६४६ साली डच आरमारावर मिळालेल्या विजयाचे श्रेय मनिलाने रोजरीमातेला दिले. त्या 'ला नावाल'वरील होआकिन यांचा निबंध १९४३ साली डोमिनिकनांच्या स्पर्धेत गौरवला गेला. त्यातूनच पुढे हाँगकाँगच्या मठात शिक्षणाची संधी मिळाली. १९५० साली ते धर्मगुरू न होताच परतले. (त्यात मंडळीचे नुकसान झाले, असे मी म्हणणार नाही.)

'अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट ॲज फिलिपिनो' हे त्यांचे नाटक घडते १९४१ साली, तटबंदीच्या आतल्या इंत्रामुरोस भागातील एका पडक्या वैभवाच्या घरात. वृद्ध चित्रकार दोन लेकींसाठी अखेरचे चित्र काढतो : जळत्या ट्रॉयमधून एक तरुण वृद्ध पित्याला खांद्यावर घेऊन निघाला आहे, आणि दोघांनाही चेहरा चित्रकाराचाच! हा माणूस स्वतःचे ओझे स्वतःच वाहतो. कांदिदा व पावला दारिद्र्यात असूनही चित्र विकत नाहीत. पावला ते नष्टच करते. हा त्याग की अभिमान, हे लेखक सांगत नाही, आणि तिथेच नाटक श्रेष्ठ ठरते. १९४५च्या युद्धात इंत्रामुरोस खरोखरच बेचिराख झाले.

माझा आक्षेप मात्र आहे. त्या वाड्यांच्या दगडविटा ज्यांनी सक्तीच्या वेठीने वाहिल्या, त्या देशी माणसाला ह्या विलापात जागा नाही. चर्चही त्या वेठीपासून अलिप्त नव्हते; त्यामुळे आम्हा धर्मगुरूंना हा विलाप जरा जास्तच गोड लागतो.

तरीही त्यांना केवळ भूतकाळात रमणारा म्हणणे अन्यायाचे होईल. मार्कोस यांच्या लष्करी कायद्याच्या काळात, १९७६ साली, 'राष्ट्रीय कलावंत' हा किताब देऊ केला गेला, तेव्हा त्यांनी तो एका अटीवर स्वीकारला : तुरुंगात असलेले कवी-पत्रकार होसे लाकाबा ह्यांना सोडावे. लाकाबा सुटले.