चौथी सीट

आगगाडीच्या चिमुकल्या डब्याची आतली सजावट घरी, हातानं करणारे लोक मला ऋषितुल्य वाटतात. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी १९९८ साली छोट्या गाड्यांचं संग्रहालय उघडलं आणि आपल्याकडच्या या वेडाला निदान पत्ता मिळाला. ‘एचओ’ मापात सगळं ८७ पट लहान. फुटाचे साडेतीन मिलिमीटर. साडेपाच फुटी गृहस्थ १९ मिलिमीटरचा! त्याच्यासाठी पुठ्ठ्याची बाकं, तारेचे दांडे, जाळीची फळी. नमस्कार करावा अशी कारागिरी.

तरी दोन हरकती नोंदवतो. पहिली कारकुनी. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. ८७ नं भागा, १९.३ येतात. एचओचा तयार रूळ मात्र १६.५ चा, कारण तो परदेशी १४३५ च्या गेजवर बेतलेला. पावणेतीन मिलिमीटरची तूट! एवढी तूट ठेवून बँकेतून वेळेवर घरी जाऊन दाखवा. पण चला, ही माफ.

दुसरी माफ नाही. लोकलचा डबा करताना तिघांच्या बाकावर मोजून तिघंच बसवतात. अहो, चौथा कुठाय? एक मांडी बाकावर, दुसरी वाटेत, असा तोललेला? सकाळी शीवला चढणाऱ्याची सारी आशा त्या चौथ्या सीटवर. कारखान्याच्या नकाशात ती नसते. ‘जरा सरका’ म्हटल्यावर तिघं कुरकुरत ती तयार करतात. डब्याचं खरं अंतरंग तेच.

तेव्हा कारागीरबुवा, तिघांना थोडं तासा. १९ मिलिमीटरच्या माणसाला जागा ती किती लागणार?