वस्त्रनामे आणि नामकोशकार

भामरागडाजवळ पामुलगौतमी, पर्लकोटा आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम आहे. पलीकडे बस्तर; आणि तिकडील माडिया-मुरिया गोंडांत कोसा हे पुरुषाचे नाव चांगले रुळलेले आहे. मराठी मनुष्याने ते ऐकावे आणि त्यास आरमोरी-नागभीडकडचे कोशाचे कापड आठवावे, ऐन-अर्जुनाच्या पाल्यावर पोसलेला तो टसराचा किडा डोळ्यांपुढे यावा, आणि ‘वा! रानातल्या बापाने मुलास रेशमाचे नाव ठेविले’ असे त्याच्या तोंडून निघावे, हे साहजिक आहे. परंतु नाव गोंडी घरातले आणि अर्थ मराठी बाजारातला, अशी ही सोयरीक केवळ उच्चाराच्या साम्यावर जुळविलेली आहे. ज्या भाषेत बारसे झाले त्या भाषेस विचारल्यावाचून नावाचा अर्थ ठरविणे, यास आम्ही रसिकता म्हणत नाही.

बालकांची नावे सुचविणाऱ्या पुस्तिका नेमके हेच करीत असतात, म्हणून हा प्रपंच. वस्त्रांवरून नावे निवडण्याची हौस हल्ली देशोदेशी दिसते. तुर्कांत ‘इपेक’ म्हणजे रेशीम, हे मुलीचे नाव आहे. अमेरिकेत ‘पेझली’ नावाच्या मुली पुष्कळ आहेत. ते स्कॉटलंडातील एका गावाचे नाव. काश्मिरी शालींची नक्कल तेथील मागांवर एकोणिसाव्या शतकात होत असे, आणि तीवरील वेलबुट्टीस ते गाव चिकटले. ती वेलबुट्टी म्हणजे आपली कोयरी! आमच्याकडे मात्र ही हौस रेश्मापाशी येऊन थांबते. रेश्मा हे फारशी रेशमाचे अपत्य. तिला संस्कृत रश्मीची, म्हणजे किरणाची, बहीण ठरविणारे विद्वानही भेटतात.

वास्तविक मराठीत वस्त्रनामांची उणीव नाही. पीतांबर घ्या. विष्णूचे पिवळे वस्त्र, देवपूजेचे सोवळे आणि विदर्भातील एखादा वृद्ध शेतकरी, तिघेही एकाच नावाने ओळखले जातात. दिगंबर त्याहून घरोघरचा. वस्त्रावरून पडलेल्या नावांत ज्याने वस्त्रच टाकिले त्याचे नाव इतके लोकप्रिय व्हावे, ही गंमत कोणा नामकोशकाराच्या ध्यानात आलेली आम्ही पाहिली नाही. चंद्रकलेविषयी मात्र सावध राहावे. संक्रांतीची काळी चंद्रकळा आणि शेजारची चंद्रकलाबाई या दोघींनी चंद्रापासून नाव घेतले आहे, एकमेकींपासून नव्हे.

आता ज्या नावापाशी या पुस्तिका मौन धरितात, त्याकडे वळू. ते नाव चिंधी. कापडावरून पडलेले, अस्सल मराठी, आणि रेश्माहून कितीतरी अधिक घरांतून वावरलेले! ज्या घरी मुले जगत नसत त्या घरी पुढच्या मुलास दगडू, धोंडू, केरू, उकिरडा किंवा चिंधू म्हणत. फाटका तुकडा कोण उचलून नेणार? काळाची आणि दृष्टीची नजर त्यावरून घसरावी, एवढाच हेतू. हे नाव ठेवणाऱ्या आईच्या मनात तुच्छता नसे. भीती असे, आणि त्या भीतीच्या पोटी अपार माया असे. हे न कळता त्या नावास गावंढळ म्हणणारा टीकाकार शब्द वाचतो, बाई वाचीत नाही.

तथापि त्याच नावाची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. वर्ध्याजवळील पिंपरी मेघे येथे 1948 साली एक मुलगी जन्मली. मुलगी नको होती, म्हणून तिचे नाव चिंधी पडले. पुढे ती सिंधुताई सपकाळ झाली, शेकडो अनाथांची माई झाली. 2021 मध्ये तिला पद्मश्री मिळाली व 4 जानेवारी 2022 रोजी ती वारली. येथे चिंधी म्हणजे कवच नव्हे. टाकून द्यावयाची वस्तू. सातारा जिल्ह्यात 2011 साली ‘नकोशी’ नावाच्या 285 मुलींस समारंभपूर्वक नवी नावे दिली गेली, ती याच जातीच्या नावाविरुद्ध. ते योग्यच झाले. ज्या नावाने मुलीस रोज हाक मारताना तिचा नकार उच्चारिला जातो, ते जुने आहे एवढ्यासाठी जपावे, असे आम्ही म्हणणार नाही.

परंतु अक्षरे तीच असताना एका घरी राखण आणि दुसऱ्या घरी धिक्कार, हा भेद एका ओळीच्या अर्थात मावत नाही. बायकांच्या तोंडची कथा पाहा. कृष्णाचे बोट कापले, चिंधी हवी होती. सुभद्रेकडे शालू आणि पैठण्याच होत्या, फाडावयास जीव होईना. द्रौपदीने अंगावरचे भरजरी वस्त्र फाडून दिले. त्या कथेत मान पैठणीस नाही, चिंधीस आहे. आणि ती ऐकत वाढलेल्या समाजाने मुलीस चिंधी म्हणून हिणवावे, हा विरोध कोणत्या कोशाने नोंदविला आहे?

पुढील आवृत्ती काढणाऱ्यांस आमची सूचना अशी. रेश्मा व पीतांबर यांच्याबरोबर चिंधीस जागा द्यावी, तिचे दोन्ही अर्थ द्यावेत, आणि आधी कोणता द्यावयाचा याचा विचार करावा. कोसा या नावापुढे मात्र ‘रेशीम’ छापू नये. भामरागडकडच्या एखाद्या शाळेत त्या नावाचा मुलगा आला आणि गुरुजींनी ती पुस्तिका पाहून हजेरीपटावर ‘कौशिक’ असे शुद्ध करून लिहिले, तर संध्याकाळी घरी त्यास कोणत्या नावाने हाक मारावी?