कुर्स्काया स्थानकाची भिंत कोणत्या सालची?

मंडळी, मॉस्कोच्या मेट्रोवर बोलायचं म्हटलं की वक्ते बहुधा संगमरवर आणि झुंबरांतच रमतात. ते देखणं आहेच. आज मात्र आम्ही एका ओळीबद्दल बोलणार आहोत. कुर्स्काया स्थानकाच्या प्रवेशदालनात, घुमटाखाली असलेली ही ओळ लिहिली गेली, पुसली गेली आणि पुन्हा लिहिली गेली. आमचा आक्षेप या पुन्हा लिहिण्याला आणि त्यासाठी पुढे केलेल्या कारणाला आहे.

आधी स्थानक समजून घेऊ. कुर्स्की या मोठ्या रेल्वे टर्मिनसला लागून मेट्रोचं पहिलं स्थानक १३ मार्च १९३८ रोजी सुरू झालं. १ जानेवारी १९५० रोजी वर्तुळाकार मार्गाचा पार्क कुल्तुरी ते कुर्स्काया हा पहिला टप्पा खुला झाला आणि इथे गाडी बदलता येऊ लागली. १९९५ मध्ये च्कालोव्स्काया स्थानकही जोडलं गेलं. आता बघा, संग्रहालयात माणूस ठरवून जातो. इथे तो कामाच्या घाईत येतो. भिंतीवर जे असेल ते त्याला रोज डोक्यावर घेऊनच जावं लागतं.

१९५० मध्ये युद्ध संपून पाचच वर्षं झाली होती. हे दालन विजयाचं स्मारक म्हणून सजवलं गेलं. तिथे स्टालिनचा पुतळा होता आणि राष्ट्रगीताच्या ओळी होत्या. त्यांतल्या एकीत साऱ्या जनतेला घडवण्याचं श्रेय स्टालिनला दिलेलं होतं. १९५६ मध्ये ख्रुश्चेव्हने स्टालिनच्या व्यक्तिपूजेवर टीका केली आणि हवा पालटली. पुतळा हलला, भिंतीवरचं नाव गेलं. खुद्द राष्ट्रगीत कितीतरी वर्षं शब्दांविना, नुसतं वाद्यांवर वाजत राहिलं. १९७७ मध्ये त्याला स्टालिनचं नाव नसलेले शब्द मिळाले. ते लिहिणारे सर्गेई मिखाल्कोव्ह मूळ गीताचेही सहकवी होते. २००० मध्ये रशियासाठी त्याच चालीवर तिसऱ्यांदा शब्द लिहिले, तेही त्यांनीच!

ऑगस्ट २००९ मध्ये दुरुस्तीनंतर दालन उघडलं, तेव्हा स्टालिनची ओळ परत आलेली होती. मानवी हक्क कार्यकर्त्यांनी निषेध केला. समर्थनाचा मुद्दा असा, की वास्तू मूळ रूपात आणली, यात राजकारण कसलं?

आम्हाला हा युक्तिवाद पटत नाही. वास्तूचं मूळ रूप म्हणजे तिचा पहिला दिवस, असं कुणी ठरवलं? ही भिंत १९५० ची आहे, तशीच नाव पुसल्यानंतरच्या अनेक दशकांचीही आहे. नाव पुसणं हीसुद्धा ऐतिहासिक घटनाच होती. तिची खूण मिटवून आधीची खूण नव्याने उमटवणं, याला जतन कसं म्हणायचं? शिवाय पुतळा काही परत आला नाही. म्हणजे 'जसं होतं तसं' हेसुद्धा निवडूनच केलं गेलं. निवड केली की तिची जबाबदारीही घ्यावी लागते. ती जीर्णोद्धाराच्या खांद्यावर टाकून मोकळं होता येत नाही.

हे जुनं भांडण आहे असं समजू नका. याच वर्तुळाकार मार्गावर, त्याच दिवशी सुरू झालेलं तागान्स्काया स्थानक घ्या. तिथलं स्टालिनचं उठावशिल्प १९६६ मध्ये, दुसऱ्या मार्गाकडे जाणारी वाट काढताना, काढून टाकलं होतं. मे २०२५ मध्ये त्याची प्रतिकृती तिथे बसवली गेली. कुणी समोर फुलं ठेवली. ज्यांचे आजोबा छळछावणीतून परतले नाहीत, त्यांनाही गाडी बदलायला त्याच वाटेने जायचं आहे. त्यांच्यासाठी त्या भिंतीवर काय आहे?

आमचं म्हणणं हातोडा घ्या असं नाही. पुसापुशीने इतिहास कळत नाही, हे आपण याच भिंतीवर पाहिलं. ओळ ठेवायची तर तिच्या शेजारी, तितक्याच ठळक अक्षरांत, ती कधी लिहिली, का पुसली आणि २००९ मध्ये पुन्हा कुणी लिहिली, हेही लिहा. साल नसलेली भिंत जुनी दिसते, पण बोलते मात्र आजच्या सत्तेची भाषा.